दुओमो चढलात की काशिने बागेतही जाऊन या: बडोदेकरांसाठी फ्लॉरेन्स

रावपुरेकर

या उन्हाळ्यात ओळखीतली बरीच मंडळी इटलीला निघाली आहेत आणि रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते. रोम-व्हेनिसवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी फक्त फ्लॉरेन्सबद्दल बोलणार. टूरवाले या गावाला अर्धा दिवस देतात. बसमधून उतरा, दुओमोसमोर फोटो, पोन्ते वेक्कियो पुलावर आइस्क्रीम, की चला परत बसमध्ये. माझं म्हणणं असं की बडोद्याच्या माणसाने इथे निदान दोन रात्री काढाव्यात आणि एक सकाळ काशिने बागेच्या पार टोकाला जायला राखून ठेवावी. का, ते सांगते, पण आधी दुओमो.

दुओमो म्हणजे गावाचं मुख्य चर्च, पूर्ण नाव सांता मारिया देल फिओरे. आर्नोल्फो दी काम्बियोच्या आराखड्यावर १२९६ मध्ये काम निघालं, घुमट व्हायला १४३६ उजाडलं. आणि ज्या दर्शनी भिंतीसमोर सगळं जग फोटो काढतं ती पांढऱ्या, हिरव्या, लालसर संगमरवराची भिंत चक्क १८८७ ची. म्हणजे आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्याच वयाची! चारशे-पाचशे वर्षं या देवळाला धड तोंडच नव्हतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे उड्डाणपूल रखडला की आपण उगाच जीव काढतो.

चर्चमध्ये जायला तिकीट नाही, पण रांग असते आणि ती उन्हात असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना आत घेत नाहीत.

घुमटावर जायचं असेल तर वेळ आधी ठरवावीच लागते. पासांना त्यांनी कारागिरांची नावं दिलीत: ब्रुनेलेस्की, जोत्तो, गिबेर्ती. घुमट फक्त ब्रुनेलेस्की पासात येतो. घुमटाची वेळ चुकली की चुकली. तिथे जाऊन "भैया, जरा ॲडजस्ट करा" चालत नाही. पास थेट देवळाच्या ट्रस्टच्या साइटवरून काढा, मधल्या दलालांची गरज नाही.

मांजलपूरचा_मन्या

ताई, राग मानू नका, पण मला दुओमो आतून अगदीच भकास वाटला. बाहेरून एवढा नट्टापट्टा, आणि आत? उघड्या भिंती, मोठा हॉल, वर एक चित्र. रोमचं सेंट पीटर्स बघून आलेल्या माणसाने इथे रांग लावूच नये, असं मी सगळ्यांना सांगतो. त्यापेक्षा समोरच्या चौकात बसून कॉफी प्यावी.

रावपुरेकर

@मन्या, राग कसला. आत मोकळं आहे हे खरंच, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू मागच्या म्युझियममध्ये हलवल्या आहेत. पण तू आत जाऊन मागे वळून पाहिलंस का? मुख्य दाराच्या वर आतल्या बाजूला पाओलो उचेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं घड्याळ आहे. चोवीस तासांची तबकडी, एकच काटा, आणि तो उलटा फिरतो. दिवस मध्यरात्री नाही, सूर्यास्ताला संपतो. आपल्याकडे सूर्योदयापासून घटका मोजत, यांनी मावळतीपासून धरल्या. वर्षभर मावळतीची वेळ सरकते म्हणून घड्याळ सारखं लावत बसावं लागायचं. लोक सगळे वर घुमटाकडे माना करून चालतात, त्यामुळे पाठीमागचं हे घड्याळ निम्म्यांना दिसतच नाही.

कलाभवनवाले_काका

मन्याशेठ, "वर एक चित्र" म्हणालात, तिथे माझं डोकं फिरलं. जन्म सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये काढला आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

चित्र सोडा. वसारी आणि झुक्कारी यांनी १५७२ ते १५७९ मध्ये ते रंगवलं, साधारण ३६०० चौरस मीटर, ठीक आहे. ज्याच्यावर ते रंगवलंय ते बघा. चर्चच्या भिंती वर गेल्या, अष्टकोनी ओटा तयार झाला, आणि मग सगळे डोक्याला हात लावून बसले. ४५ मीटरच्या आसपास रुंदीचं भोक, तेही जमिनीपासून पन्नास मीटरहून उंच. ते झाकायचं कसं? कमान बांधायची तर खालून लाकडी सांगाडा हवा, सेंटरिंग म्हणतो ते. एवढ्या उंचीवर एवढा सांगाडा उभा करायला लाकूड कुठून आणणार, आणि तो स्वतःच्या वजनाने टिकणार तरी कसा? १४१८ मध्ये स्पर्धा लावली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला, मी जमिनीवरून सेंटरिंग न लावता बांधतो. मूळचा सोनार हो हा माणूस! लोकांनी वेड्यात काढलं. १४२० मध्ये काम सुरू केलं आणि सोळा वर्षांत घुमट मिटवला.

युक्ती अशी. एकात एक दोन कवचं. आतलं जाड, ते भार घेतं. बाहेरचं पातळ, ते पाऊस अडवतं. दोन्हींच्या मध्ये जी पोकळी राहते तिच्यातूनच तुम्ही-आम्ही चढतो. कोपऱ्यांवर आठ फासळ्या दिसतात, आत आणखी सोळा लपलेल्या आहेत. घुमट बाहेर फाकू नये म्हणून दगडी तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी जोडून आडव्या साखळ्या घातल्यात, एक साखळी लाकडाचीही आहे. आणि विटा! आडव्या थरात ठरावीक अंतराने एकेक वीट उभी घातली आहे. चुना ओला असताना तिरप्या थरातली वीट घसरायला बघते, तिला ही उभी वीट धरून ठेवते. पुढच्या थरात उभी वीट थोडी सरकवायची, की सगळ्या घुमटावर मळसूत्रासारखी रेघ फिरत जाते. तिकडे याला माशाचा काटा म्हणतात. जिन्यात एके ठिकाणी गिलावा नाही, तिथे ती रचना डोळ्यांसमोर हाताच्या अंतरावर दिसते. मी तिथे उभा राहिलो तर मागची सगळी रांग खोळंबली. एक जर्मन बाई वैतागली होती, पण तिलाही मग विटा दाखवल्या.

एकूण चाळीस लाखांच्या वर विटा. वर ओढून न्यायला याने बैलांचा रहाट बनवला, त्यात अशी दातेरी चाकं की माल वर न्यायचा असो की रहाट खाली सोडायचा असो, बैल एकाच दिशेने फिरत राहायचे. बैल सोडा, उलटे जुंपा, हा खटाटोपच नाही. दगडविटांच्या घुमटांत याच्याहून मोठा आजही जगात नाही. आपला विजापूरचा गोल घुमट आतून ३८ मीटरच्या आसपास आहे, आणि तो यानंतर दोनशे वर्षांनी, १६५६ मध्ये झाला. त्याचं तंत्र वेगळं, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी. त्याच गोल घुमटाच्या धर्तीवर रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुविशारदाने आपल्या बडोदा कॉलेजचा घुमट बांधला, ज्याच्या खालून तुम्ही आर्ट्सला ॲडमिशनचे फॉर्म भरायला गेला असाल.

आता म्हणा "वर एक चित्र".

मांजलपूरचा_मन्या

काका, शरण. पण मी कॉमर्सचा.

वाडीकर_ताई

काकांची पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली. प्रश्न साधा आहे. सासूबाई बरोबर आहेत, गुडघे बेताचे, पण हौस दांडगी. लिफ्ट आहे का? नसेल तर घुमट की शेजारचा मनोरा?

रावपुरेकर

लिफ्ट नाही, दोन्हींकडे नाही. घुमटाला ४६३ पायऱ्या, जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४. आकडा जवळजवळ सारखा, पण चढण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घुमटाचा जिना अरुंद, काही ठिकाणी वरून येणारे आणि खालून जाणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात, आणि शेवटचा टप्पा आतल्या कवचाच्या पाठीवरून जातो, तिथे अक्षरशः हात टेकवत चढावं लागतं. मध्ये बसायला जागा नाही, मागून माणसं येतच असतात. दमा, चक्कर, बंद जागेची भीती असेल तर नकोच.

मनोऱ्यात मजल्यामजल्यावर सज्जे आहेत. सासूबाईंना पहिल्या सज्ज्यापर्यंत न्या, दम खाऊ द्या, जमलं तर पुढे. तिथून खाली आल्या तरी काही बिघडत नाही. आणि घुमटावर उभं राहिलं की सगळं फ्लॉरेन्स दिसतं, फक्त घुमट दिसत नाही. मनोऱ्यावरून तो समोर दिसतो. जोत्तोने १३३४ मध्ये काम काढलं, तीनच वर्षांत तो गेला, मग दुसऱ्यांनी १३५९ पर्यंत पुरं केलं.

ज्यांना घुमट चढवेल त्यांनी मात्र चढावाच. अर्ध्या वाटेत तुम्ही आतल्या सज्ज्यावर येता, चित्राच्या अगदी खाली. खालून जी माणसं बोटभर दिसतात ती इथे हत्तीएवढी, आणि त्यातही तुमच्या वाट्याला येतो नरक. पापी लोकांना काट्यांनी टोचणारे सैतान, रंगाचे फटकारे केरसुणीने मारावेत एवढे मोठे. माझ्या नवऱ्याने त्यातल्या एकाला आमच्या जुन्या हेडमास्तरांचं नाव दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

अकोट्याचा_अव्या

चौकात गेलात तर देवळाच्या मागच्या अंगाला फरशीत एक पांढरी गोल संगमरवरी चकती शोधा. घुमटाच्या शिखरावरचा सोनेरी गोळा १४७१ मध्ये व्हेरोक्कियो या शिल्पकाराच्या कारखान्याने बसवला होता, तेव्हा लिओनार्दो दा विंची तिथे उमेदवारी करत होता. १६०० च्या सुमारास वीज पडून गोळा खाली आला, त्या जागेची ती खूण. आता वर आहे तो नंतरचा. आमच्या गाइडने हे सांगितलंच नव्हतं. पोरं चकतीवर उभी राहून फोटो काढत होती, विचारल्यावर त्यांनीच सांगितलं.

आणि घुमटाच्या बुडाशी बाहेरून नीट बघा. आठ बाजूंपैकी एकाच बाजूला नक्षीदार सज्जा आहे, बाकी सात बाजू उघड्या. असं म्हणतात की मायकेलअँजेलोने त्याला "रातकिड्यांचा पिंजरा" म्हटलं आणि काम तिथेच थांबलं. एका माणसाने नाक मुरडलं म्हणून पाचशे वर्षं भिंत उघडी!

शेवउसळप्रेमी

खायचं काय? शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. ठेपले किती बांधायचे ते सांगा फक्त.

रावपुरेकर

ठेपले प्रवासापुरते पुरेत. रिबोल्लिता म्हणून शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबी घालून केलेलं दाट सार मिळतं, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं. दोन्ही पोटभरीचं. फक्त पाणी मांसाचं नाही ना, ते विचारा. स्क्याच्चाता म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, त्यात वांगी, टोमॅटो, चीज भरून देतात, चौकात बसून खायला उत्तम. तिथल्या साध्या पावात मीठ नसतं, तो तसाच असतो, वेटरशी भांडू नका. लोणचं न्या! लाम्प्रेदोत्तोच्या गाड्यांवर मोठी रांग दिसेल, तिकडे जाऊ नका, ते गाईचं जठर असतं. आणि जे अगदी कडक पाळतात त्यांनी पार्मेजान चीज टाळावं, त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं.

आता छत्रीची गोष्ट.

दुओमोपासून पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या पार शेवटच्या टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. छत्री म्हणजे आपली, समाधीवरची. दगडी चौथरा, खांब, वर घुमटी, आणि खाली फेटा आणि दागिने घातलेल्या तरुण राजाचा रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये मुक्काम केला, आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय वर्षं वीस.

तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. तिथे माणसाला जाळायची पद्धत नव्हती, परवानगीही नव्हती. महाराजांबरोबरच्या मंडळींनी धरून ठेवलं की दहन होईल, आणि तेही नद्यांच्या संगमावर. सरकारने खास मंजुरी दिली, आणि रात्रीच बागेच्या टोकाला संगमावर चिता पेटली, रक्षा नदीत सोडली. गाव बघायला लोटलं होतं. पुढे १८७४ मध्ये त्या जागी ही छत्री झाली. पायाशी एकाहून जास्त भाषांत लेख आहे. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा.

आणि छत्रीचा आराखडा कुणाचा? मेजर चार्ल्स मँट. तोच मँट, ज्याने मग आपला लक्ष्मी विलास आखला.

म्हणून मी म्हणते, बडोदेकराने जावं. ज्या हाताने आपल्या राजवाड्याचे सज्जे आणि कमानी कागदावर काढल्या, त्याच हाताचं काम इटलीत नदीकाठी उभं आहे, राजवाड्याच्या आधीचं, आणि एका मराठी राजाचं. स्टेशनजवळून ट्राम पकडून काशिनेला उतरा, पुढे बागेतून चांगलं चालणं आहे किंवा सायकल घ्या. आधुनिक, तारांनी तोललेला एक पूल दिसला की आलात म्हणायचं. त्याचं नावच पोन्ते अल्ल'इंदियानो, हिंदी माणसाचा पूल. शहरातल्या लोकांना कोल्हापूर ठाऊक नसेल, पण "इंदियानो" म्हटलं की रस्ता सांगतात, कारण रोजच्या वाहतुकीच्या बातम्यांत ते नाव असतं.

पंचगंगेचं_माहेर

ताई, हे वाचून काटा आला. माझं माहेर कोल्हापूर, सासर बडोदा, त्यामुळे दोन्हीकडून हक्क सांगते. मँटची कोल्हापुरातली कामं आम्ही लहानपणापासून बघितली. नवा राजवाडा त्याचाच, १८७७ ते १८८४, आणि टाऊन हॉलही त्याचाच. महाराज लंडनमध्ये रोजनिशी लिहीत, ती त्यांच्या मागे १८७२ मध्ये तिथेच छापली गेली. छत्रीपाशी फुलं न्यायची असतील तर गावातूनच घ्या, बागेत मिळणार नाहीत.

मांजलपूरचा_मन्या

हा तोच मँट ना ज्याचा हिशेब चुकला, राजवाडा पडेल या धास्तीने त्याने जीव दिला? पॅलेसच्या प्रत्येक फेरीत ऐकलंय.

कलाभवनवाले_काका

मन्याशेठ, पुन्हा? तो १८८१ मध्ये वारला, राजवाड्याचं काम नुकतं सुरू असताना. पुढे चिझमने ते हाती घेतलं आणि १८९० मध्ये पुरं केलं. धास्तीने जीव दिल्याची गोष्ट पर्यटकांना चहाबरोबर वाढायला बरी आहे. राजवाड्याने २००१ चा भूकंप बघितला आणि अजून उभा आहे. मँटचा हिशेब चुकला असता तर चिझमने तोच नकाशा पुढे नेला असता का? सांगायचंच तर लोकांना दरबार हॉलची व्हेनिशियन फरशी आणि बेल्जियमच्या काचा दाखवा. इटलीला जाण्याआधी घरचं एकदा नीट बघून जा, म्हणजे तिकडे काय शोधायचं ते कळेल.

मांजलपूरचा_मन्या

काका, गोष्ट म्हणून तरी चालू द्या ने. पाहुण्यांना राजवाड्यातले फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे दाखवले तर जांभया देतात, मँट मेला म्हटलं की जागे होतात.

अकोट्याचा_अव्या

दोन व्यवहारी गोष्टी. भाड्याची गाडी घेणार असाल तर शहराच्या जुन्या भागात घुसू नका, बाहेरच ठेवा. तिथे परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, दर वाटेवर कॅमेरे आहेत. आमच्या एका नातेवाइकाला बडोद्यात परतून कित्येक महिने झाल्यावर दंडाची नोटीस आली, वर गाडीवाल्यांनी पत्ता कळवल्याची फी वेगळी कापली होती. रोमहून रेल्वेच बरी, दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन, तिथून दुओमो चालत.

आणि दुओमोसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दारापाशी गर्दीत खिसा सांभाळा. ती दारं तशीही नकला आहेत. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ घालवून केलेली मूळ दारं १९६६ च्या पुरात खिळखिळी झाली. ती आता मागच्या म्युझियममध्ये काचेआड आहेत, तिथे गर्दी कमी आणि जवळून बघता येतात. पासात म्युझियम येतंच, ते सोडू नका. मायकेलअँजेलोने स्वतःच्याच हातोड्याने फोडायला घेतलेली पिएता, म्हणजे मृत येशूचं शिल्प, तिथे आहे.

वाडीकर_ताई

ठरलं. पहिल्या दिवशी दुपारी म्युझियम, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घुमट आणि सासूबाई मुलांबरोबर मनोऱ्याच्या पहिल्या सज्ज्यापर्यंत. छत्रीला सासूबाईंना न्यायचंच आहे, पण बागेतलं चालणं त्यांना जमणार नाही. टॅक्सी टोकापर्यंत जाते का?

रावपुरेकर

हो, बागेच्या त्या टोकाला रस्ता जातो. हॉटेलातून टॅक्सी बोलवायला सांगा, "पियाझ्झाले देल्ल'इंदियानो" एवढंच म्हणायचं. परतीची टॅक्सी मात्र तिथे उभी नसते, उतरतानाच त्याच ड्रायव्हरला थांबायचं विचारा किंवा नंबर घेऊन ठेवा. आणि सकाळी जा, दुपारी तिथे सावली छत्रीखालीच काय ती.